मोजणारा शेवटी

आमच्या पलटणीच्या संग्रहालयात येणारा प्रत्येक माणूस मी मोजतो. येताना मोजतो आणि जाताना मोजतो. दोन्ही आकडे जुळले की दिवे बंद करतो, कुलूप घालतो आणि घरी जातो. बावीस वर्षं हे असंच चाललंय. मुलगी म्हणते, "बाबा, तुम्ही जेवताना घाससुद्धा मोजत असाल." मोजत नाही, पण कुणी विचारलंच तर सांगू शकेन.

हे मी पाठकोऱ्या कागदांवर लिहितोय आणि पेन्सिल आखूड आहे, त्यामुळे पाल्हाळ लावणार नाही.

संग्रहालय म्हणजे तीन खोल्या. पहिलीत झेंडे, पार विरलेले, जाळीत शिवून काचेमागे ठेवलेले. दुसरीत बिल्ले, बिगुल, कातडं फाटलेला एक ढोल आणि सगळ्या कर्नलांच्या तसबिरी. तिसरी खोली माझी. तिथे एक टेबल, दोन खुर्च्या आणि एक लोखंडी कपाट आहे. कपाटात वारसवही असते. सगळे मला वहीवाले म्हणतात ते त्या वहीमुळे.

पलटण दोनशे वर्षांची आहे. नदीवरच्या नावाड्यांच्या चार तुकड्या गोळा करून ती उभी केली. पुढे तिचं नाव पाच वेळा बदललं, दोनदा तिला दुसऱ्या पलटणींत मिसळलं, एकदा तर ती कागदोपत्री बंदच झाली आणि अकरा महिन्यांनी पुन्हा उभी राहिली. पण आमची खरी वंशावळ कर्नलांच्या तसबिरींत सापडायची नाही. ती वारसवहीत आहे.

त्याचं असं झालं. अगदी पहिल्याच वर्षी पलटण पूर आलेली नदी ओलांडत होती आणि मोजणाऱ्याचा हिशेब चुकला. चार माणसं पलीकडेच राहिली. पुन्हा कुणाला दिसली नाहीत. तेव्हापासून रिवाज पडला, की ज्याचं काहीच परत आलं नाही, देह नाही, टोपी नाही, त्याचं नाव पलटणीनं सोडायचं नाही. नवा शिपाई शपथ घेतो त्या दिवशी त्याला अशा एका माणसाचं नाव चिठ्ठीवर लिहून देतात. तो त्या नावाचा वारस. निवृत्त होताना त्यानं ते नाव पुढच्या शिपायाला द्यायचं. पहिल्या चौघांपैकी एकाचा सध्याचा वारस एकविसावा आहे, वीस वर्षांचा, कानात सतत काहीतरी ऐकणारा.

वर्षातून एकदा, स्थापनेच्या दिवशी सकाळी, जुन्या मैदानावर हजेरी होते. मैदानाला चारी बाजूंनी उंच भिंत आणि एकच गजांचं फाटक. मी नाव वाचायचं, वारसानं "हजर" म्हणायचं. सगळी नावं झाली की एकामागून एक सगळ्यांनी फाटकातून बाहेर जायचं. मी फाटकाच्या आत उभा राहून मोजायचं, शेवटी स्वतःला धरायचं, आकडा मोठ्यानं सांगून बाहेर पडायचं. बाहेर कवायतमास्तर "पूर्ण" म्हणतात आणि वर्षभरासाठी कुलूप घालतात. आत कुणी राहिलं नाही, असा त्याचा अर्थ. फाटकावर दगडात तीनच शब्दांचा नियम कोरलाय: मोजणारा शेवटी मोजावा. लोक नुसतं "मोजणारा शेवटी" म्हणतात.

तीनशे अकरा वारस आणि मी. तीनशे बारा. बावीस वर्षं हा आकडा कधी चुकला नाही.

यंदा दोनशेवं वर्ष. कर्नलसाहेबांनी मला बोलावलं आणि म्हणाले, "वहीवाले, इतिहास लिहून काढा. जाडजूड नको, लोक वाचत नाहीत. पण वंशावळ मात्र बिनचूक हवी."

बिनचूक. हा शब्द मी घरी घेऊन गेलो आणि तो काही घशाखाली उतरेना.

सहा महिने खपून मी वंशावळीचा तक्ता काढला. एका मोठ्या कागदावर, खालून वर, झाडासारखा. अडतीस वर्षांपूर्वीच्या फांदीशी आलो तेव्हा तिथे एक पान कमी आहे हे जगात एकट्या मला ठाऊक होतं. मी ती फांदी तशीच शाई फिरवून पुरी केली. त्या संध्याकाळी संग्रहालय बंद करताना पाहिलं, आठ माणसं आत आली होती आणि नऊ बाहेर गेली होती.

आता मी मोजताना बूट बघतो, चेहरे बघत नाही. चेहरा बघितला की माणूस नमस्कार करतो, हवापाण्याचं बोलतो आणि आकडा घसरतो. त्यामुळे नववा माणूस कसा दिसत होता ते मला सांगता यायचं नाही. जुने, ओले बूट होते एवढं आठवलं. बाहेर पाऊस नव्हता. वय झालं, म्हटलं, आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या वहीत दोन्हीकडे आठ लिहिले.

तिसऱ्या दिवशी एक बाई आल्या. साठीच्या आसपासच्या, गळ्यात मापाची टेप तशीच लटकत राहिलेली. दुकान अर्धवट टाकून आल्या असाव्यात.

"वहीवाले कोण इथे?"

"मीच. बसा ना."

"पलटणीचं पुस्तक निघतंय म्हणे. माझ्या भावाचं नाव असेल का हो त्यात?"

त्यांनी नाव सांगितलं. मी वही उघडली आणि पानं उलटत राहिलो. जे तिथे नाही हे मला पक्कं ठाऊक होतं, ते शोधण्याचं नाटक मी चांगली पाच मिनिटं केलं.

"दिसत नाही," मी म्हणालो.

"दिसायचं नाहीच. पळाला म्हणून लिहिलंय ना तुमच्याकडे." त्या शांतपणे म्हणाल्या. "अहो, त्याला पळता येत असतं तर आणखी काय हवं होतं! लहानपणी कुत्रं मागे लागलं तरी हा चालतच यायचा. घरी येऊन सांगायचा, कुत्रंच कंटाळलं."

मला हसू आलं. खरंच आलं, आणि ते ओठांवरच विरलं. कारण हे मी ऐकलेलं होतं. त्याच्याच तोंडून.

"पळून गेलेला माणूस कधीतरी घरी येतो ना हो?" त्या म्हणाल्या. "अडतीस वर्षांत एकदा तरी? आई शेवटपर्यंत दाराकडे तोंड करून झोपायची. मला पैसाअडका काही नको. गल्लीत अजून मला पळपुट्याची बहीण म्हणतात, तेवढं पुसायचंय."

मग त्यांनी पिशवीतून एक पत्र काढलं, घडीवर चिरत आलेलं. त्याचं शेवटचं पत्र. मधल्या चार ओळी त्यांनी बोट ठेवून मला दाखवल्या. "इथला कारकून माझा दोस्त आहे. मी मागे पडलो की तो आकडा लांबवत बसतो. मी आल्याशिवाय पूर्ण म्हणत नाही. आईला सांग, काळजी करू नको."

"हा कारकून कुठे सापडेल का? मला त्याला एवढंच विचारायचंय, की त्या दिवशी काय झालं."

टेबलाच्या त्या बाजूला त्या आणि या बाजूला मी. मधे दोन हात अंतर.

"जुनी माणसं पांगली हो," मी म्हणालो. "कोण कुठे असेल, काय सांगावं."

त्यांनी पत्राची घडी घातली. दारात वळून म्हणाल्या, "तुम्ही भले दिसता. तुम्ही शोधाल." त्यापेक्षा त्यांनी थोबाडीत मारली असती तर मला बरं वाटलं असतं.

काय झालं ते आता सांगतो.

अडतीस वर्षांपूर्वी मी चोवीस वर्षांचा होतो आणि तुकडीचा कारकून होतो. ती लढाई मोठी नव्हती; पुस्तकात तिला साडेतीन ओळी आहेत, त्या मीच लिहिल्यात. तेवीस जण आम्ही एका कालव्यापलीकडच्या ठाण्यावर होतो. त्यांतल्या एकाला सगळे सावकाश म्हणत. काम चोख, पण गती अशी, की लग्नाला निघाला तर बारशाला पोचेल. कुठेही जायचं असो, हा वरातीमागून घोडं तसा येणार. आम्हा सगळ्यांची बटणं तोच शिवून द्यायचा. रोजच्या मोजणीत मी त्याच्यासाठी वेळ काढायचो. एकवीस... बाऽवीस... आणि तोवर तो बुटाची नाडी बांधत रांगेत येऊन उभा राहायचा.

एका दुपारी माघारीचा हुकूम आला. कालवा तुडुंब भरून वाहत होता आणि त्यावर एकच लाकडी पूल होता. पुलाखाली सुरुंग लावलेला. सगळे अलीकडे आले की उडवायचा. मोजणी कारकुनाची. त्यानं पलीकडच्या टोकाला उभं राहायचं, एकेकाला पुलावर सोडायचं आणि शेवटी स्वतः यायचं.

मी पलीकडे थांबलो नाही. मी घाबरलो होतो. तोफांचा आवाज जवळ येत होता, धुरळ्यानं पुढचं दिसत नव्हतं, आणि मी चौथा पुलावर चढलो. चढताना तोंडानं "चार" म्हणालो. अलीकडे पोचून वळलो आणि तिथून पुढचे मोजले. पाच, सहा, सात, असं करत बावीसपर्यंत. आणि मग जिभेला लागलेल्या सवयीनं मोजणारा शेवटी धरला. तेवीस.

स्वतःला मी दोनदा मोजलं होतं.

"पूर्ण!" मी ओरडलो. कॅप्टननी हात खाली केला आणि पूल उडाला.

धुरळा बसला तेव्हा पलीकडच्या काठावर सावकाश उभा होता. त्यानं हाका मारल्या नाहीत. त्यानं फक्त उजवा हात वर केला, हजेरीत करतात तसा. कॅप्टन पाठमोरे होते, बाकीचे पुढे गेले होते. मी एकट्यानं पाहिलं. मग पुन्हा धुरळा आला.

तासाभरानं मोजणी झाली, बावीस भरले. कॅप्टन म्हणाले, "तू तेवीस म्हणालास."

"तेवीसच आले, साहेब."

"मग अलीकडे आल्यावर पळाला म्हणायचा."

माझा आकडा खरा ठरायचा तर तो पळालेला असणं भाग होतं. "लिही," ते म्हणाले, आणि मी लिहिलं. माझ्याच हातानं, नेहमीच्या वळणदार अक्षरात. पळालेल्याला वारस मिळत नाही. त्याचं नाव तिथेच संपलं. काही वर्षांनी कॅप्टन वारले आणि मला हायसं वाटलं. त्या हायसं वाटण्याची मला आजही लाज वाटते.

बाई येऊन गेल्या त्याच आठवड्यात बराकींसमोरच्या पटांगणात हजेरीचा सराव होता. कवायतमास्तर हातात मोजणीचं बटण घेऊन उभे, प्रत्येक "हजर"ला एकदा दाबणार. मी तीनशे अकरा नावं वाचली. त्यांच्या यंत्रावर तीनशे बारा आले.

"कुणीतरी दोनदा ओरडलं," ते हसत म्हणाले. "उत्साह फार हो पोरांना. पुन्हा."

पुन्हा तीनशे बारा. मग त्यांनी एकेक रांग वेगळी उभी करून घेतली. रांगा बरोबर होत्या, बेरीज तीनशे अकरा. सगळे एकत्र उभे केले की एक जास्त.

"यंत्र बिघडलंय," ते म्हणाले. आणि जरा वेळानं, माझ्याकडे न बघता, "शेवटचा आवाज थोडा उशिरा येतो. सगळ्यांचं उरकलं की मग. तुम्ही ऐकलात?"

"नाही," मी म्हणालो. मी ऐकला होता. दोन्ही वेळा.

घरी आम्ही दोघंच. मुलीची आई जाऊन सहा वर्षं झाली. मुलगी शाळेत गणित शिकवते. तिचा आकडा चुकणं म्हणजे माशानं बुडण्यासारखं. त्या रविवारी तिनं चहाचे तीन कप आणून ठेवले.

"तिसरा कुणाला?" मी विचारलं.

तिनं कपांकडे पाहिलं. हसली, पण पुरतं हसली नाही. "काय माहीत. हात गेला." तिसरा कप तिनं परत नेला नाही. तो तिथेच निवत राहिला आणि मी त्याच्याकडे पाठ करून बसलो.

चोराच्या मनात चांदणं, असं मी स्वतःला समजावलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी तीन जिने चढून आलो तर ती दार उघडं धरून उभी होती. मी आत आलो तरी तिनं दार लावलं नाही.

"लाव ना."

"ते येतायत ना अजून."

"कोण?"

"तुमच्या मागून चढत होते ते. किती हळू चढतात बिचारे." तिनं जिन्यात वाकून पाहिलं. "अरेच्चा. गेले वाटतं दुसऱ्या मजल्यावर."

दुसऱ्या मजल्यावरची दोन्ही बिऱ्हाडं महिन्यापूर्वी रिकामी झाली होती. ते तिलाही ठाऊक होतं. तिनं दार लावून घेतलं. रात्री ताटं घेताना मात्र ती म्हणाली, "बाबा, तुम्हाला काही सांगायचंय का मला?" मी म्हटलं, पुस्तकाचा ताण आहे, दुसरं काय.

सकाळी उठून मी सरळ कर्नलसाहेबांकडे गेलो. सगळं सांगून टाकायचं ठरवूनच गेलो होतो, जिन्यात दोनदा म्हणूनही पाहिलं होतं. साहेब बँडवाले आणि खुर्च्यावाले यांच्या गराड्यात होते.

"साहेब, वहीतून एक नाव राहून गेलंय. अडतीस वर्षांपूर्वीचं."

"राहिलं कसं?"

"नजरचूक."

"कुणाची?"

आता सांगायचं होतं. तोंड उघडलंच होतं मी.

"त्या वेळच्या कारकुनाची," मी म्हणालो.

"हयात आहे का तो?"

खुर्च्यावाला मधेच काहीतरी विचारत होता. साहेबांचं अर्धं लक्ष तिकडे. मला वाटलं, हा एक शब्द, मग सगळं मिटेल. नाव लागेल, बाईंचं समाधान होईल, माझी अब्रू राहील. सुंठीवाचून खोकला जाईल.

"नाही, साहेब."

"मग सोडा. मेलेल्याची चूक काढून काय करायचंय? घाला नाव."

मी नाव घातलं. तक्त्यावर पान काढलं, वहीत तीनशे बारावी ओळ लिहिली, पुढे "नजरचुकीने राहिलेले" असा शेरा मारला. बाईंना निमंत्रण पाठवलं. नव्या शिपायांना नावं वाटून झाली होती, त्यामुळे सावकाशला वारस उरला नव्हता. अशा वेळी नियम असा, की वाचणाऱ्यानं स्वतःच हजर म्हणायचं. म्हणजे मैदानावर माणसं तेवढीच. तीनशे अकरा आणि मी.

स्थापनेच्या दिवशी सकाळी लख्ख ऊन होतं. फाटकाबाहेर पाहुण्यांच्या खुर्च्या मांडल्या होत्या. पहिल्या रांगेत त्या बाई, हातात पत्र. त्यांच्या शेजारची खुर्ची माझ्या मुलीला मिळाली होती. दोघींचं काहीतरी बोलणं चाललं होतं आणि मुलगी एकदोनदा माझ्याकडे बघत होती.

मी वाचायला लागलो. नाव, हजर. नाव, हजर. पहिले चौघे, मग त्यांच्यानंतरचे, दोनशे वर्षं एका सरळ ओळीत. तीनशे अकरा झाली.

मग मी त्याचं नाव वाचलं. अडतीस वर्षांत पहिल्यांदा मोठ्यानं उच्चारलं.

हजर म्हणायला मी श्वास घेतला.

"हजर."

मी अजून बोललोच नव्हतो.

आवाज सगळ्यांत मागच्या रांगेपलीकडून आला, घाई नसलेला. कुणी मान वळवली नाही. सगळ्यांना वाटलं, मीच म्हणालो. फाटकाबाहेर बाईंनी डोळे मिटले होते. त्यांचे ओठ हलले. "आला," त्या म्हणाल्या असाव्यात.

रांगा सुटल्या. मी फाटकाच्या आतल्या बाजूला माझ्या जागेवर उभा राहिलो. मान खाली, नजर बुटांवर.

एक, दोन, तीन. सगळे बूट चकचकीत, टाचा एका ठेक्यात. शंभर. दोनशे. तीनशे. तीनशे दहा. तीनशे अकरा.

मग जरा वेळ कुणीच नाही.

मला बाहेर पडायचं होतं. दोनच पावलं होती. पण कुणी मागे राहिलंय असं वाटलं की मी थांबतो. ती माझी जुनी सवय. त्याच्यासाठीच लावून घेतलेली.

मैदानावरून बूट येत होते. जुने, ओले, चिखलानं काळे पडलेले. एका बुटाची नाडी अर्धीच बांधलेली. ते माझ्यासमोरून, मुळीच घाई न करता, फाटकाबाहेर गेले.

"तीनशे बारा," माझ्या तोंडून गेलं.

"पूर्ण!" कवायतमास्तर म्हणाले आणि फाटक लोटलं.

"थांबा," मी ओरडलो. "मी आत आहे."

त्यांनी गजांशी तोंड आणून मैदानावरून नजर फिरवली, दरवर्षी फिरवतात तशी. माझ्यावरूनही फिरवली. रिकाम्या मैदानाला सलाम केला आणि किल्ली फिरवली.

मी त्यांना किती हाका मारल्या ते मोजलं नाही.

माझ्याजवळ हजेरीचे कागद आहेत आणि ही पेन्सिल. गजांची सावली मघापासून माझ्या पायांवर आहे, ती पुढे सरकत नाही. पुढच्या वर्षी फाटक उघडेल तेव्हा नावं वाचणारा जो कुणी असेल, त्यानं आधी हे वाचावं. तो पळाला नव्हता. त्या दिवशी मोजणारा मी होतो. स्वतःला दोनदा धरून मी त्याला पलीकडे सोडलं आणि नंतर पुन्हा पुन्हा सोडलं. मला कुणाचा राग येत नाही. राग यायला हक्क लागतो.

फाटक लागलं तेव्हा मुलगी खुर्चीवरून उठली. हजेरी संपली की ती दरवर्षी पुढे येते आणि माझा हात धरून मला घरी नेते. यंदाही आली. तिनं कुणाचा तरी हात धरला. दुसऱ्या बाजूनं बाई आल्या, त्यांनी त्याची कॉलर नीट केली.

मी उजवा हात वर केला.

माझी मुलगी फार भरभर चालते. लहानपणापासून मला तिच्यामागे धावावं लागलंय, जिन्यात, बाजारात, सगळीकडे. गजांतून मी पाहत राहिलो. ती रस्त्यानं घराच्या दिशेनं चालली होती, शेजारच्या माणसाच्या पावलाला पाऊल जुळवून, अगदी हळूहळू.